अमेरिकेत मोटारीने राज्याराज्यांतील नातेवाईक आणि मित्रमंडळींकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाऊ न्यू जर्सीत, मावसबहीण ओहायोत, कॉलेजचा मित्र शिकागोजवळ आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील आपल्या घरी, अशी परिस्थिती अमेरिकेतल्या बहुतेक मराठी कुटुंबांना परिचित असते. सगळ्यांना विमानाने भेटायचे तर खर्च परवडत नाही आणि आई-वडिलांना देशही दिसत नाही. म्हणून मोटारीने निघावे, असे ठरते. अशा प्रवासाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पर्यटनस्थळांची माहिती इतरत्र भरपूर मिळते, त्यामुळे येथे भर आहे तो घरे, माणसे आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर.

मार्ग आखायला सुरुवात कोठून करावी?

नकाशा उघडण्याआधी फोन करावेत. ज्यांच्याकडे जायचे आहे त्यांची सोय कोणत्या तारखांना आहे, हे आधी कळले की मार्ग बराचसा आपोआप ठरतो. उलट सुंदर वर्तुळाकार मार्ग आधी आखून मग यजमानांना तारखा कळवल्या, तर निम्म्या घरी कोणीतरी परीक्षेत, ऑफिसच्या दौऱ्यावर किंवा स्वतःच प्रवासात असते. सर्वांत कमी लवचीक घर आधी पक्के करावे. लहान बाळ असलेले, रुग्णालयात पाळीची नोकरी असलेले किंवा स्वतःकडेही आई-वडील आलेले घर या प्रकारात मोडते. बाकीची घरे त्याभोवती बसवावीत.

उदाहरणादाखल, न्यू जर्सीतील एडिसनहून निघून पिट्सबर्ग, कोलंबस आणि शिकागो असा मार्ग घेतला, तर टप्पे साधारण ३४०, १८५ आणि ३५५ मैलांचे होतात. परतीच्या वाटेवर डेट्रॉइटला जायचे असल्यास शिकागोहून ते सुमारे २८० मैल पडते. यातला एकही टप्पा सहा-साडेसहा तासांपेक्षा फारसा मोठा नाही, आणि पिट्सबर्गला पेन हिल्समधील श्री वेंकटेश्वर मंदिर वाटेत येत असल्याने आई-वडीलही खूश असतात.

एका दिवसात किती तास गाडी चालवावी?

प्रत्यक्ष चालवण्याचे सहा तास ही मर्यादा आम्ही सुचवतो. न्यूयॉर्क ते शिकागो हे सुमारे ७९० मैलांचे अंतर बारा-तेरा तासांत एका दमात कापणारे पुष्कळ आहेत आणि दोन तरुण चालक असले तर त्यात अशक्य काही नाही. प्रश्न आहे तो पोहोचल्यावरचा. रात्री अकरा वाजता दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यांसाठी यजमान जागे असतात, अन्न पुन्हा गरम होते, आणि ज्यांना भेटायला एवढे अंतर तोडले त्यांच्यासमोर आपण डोळे चोळत बसतो. दुपारी चार-पाचच्या सुमारास पोहोचले तर चहा होतो, मुले खेळून घेतात आणि गप्पांना संध्याकाळ मोकळी मिळते. ज्या टप्प्याला सहा तासांहून जास्त वेळ लागतो, तो मध्ये एक रात्र मोटेलमध्ये थांबून दोन दिवसांत करावा.

नकाशाचे ॲप जी वेळ दाखवते त्यात पेट्रोल, जेवण आणि स्वच्छतागृहाचे थांबे धरलेले नसतात. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले सोबत असतील, तर दर चार तासांमागे किमान एक तास वाढवून धरावा.

एकेका घरी किती दिवस राहावे?

सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एक रात्र फार कमी पडते: चादरी, उशा, टॉवेल यांची तयारी दोन दिवसांसाठी जेवढी करावी लागते तेवढीच एका रात्रीसाठीही करावी लागते, आणि सकाळी लगेच सामान बांधायला घेतले की यजमानांना केलेल्या धावपळीचे चीज झाल्यासारखे वाटत नाही. चौथा दिवस उलटला, की कितीही जवळचे नाते असले तरी घरातल्या कामाच्या वेळापत्रकावर ताण येऊ लागतो. मित्रांकडे दोन रात्री आणि सख्ख्या भावंडांकडे तीन-चार रात्री हे प्रमाण बहुतेक वेळा जमते. आई-वडिलांचा मुक्काम लेकीकडे किंवा लेकाकडे अधिक असावा, हे उघडच आहे; तेथे त्यांना ठेवून आपण पुढचे एखादे घर करून परत येणे हाही चांगला मार्ग आहे.

हल्ली अनेक जण घरून काम करतात. आठवड्याच्या मधल्या वारी पोहोचणार असाल तर कोणत्या खोलीत मीटिंग चालू असते आणि मुलांची शाळेची बस किती वाजता येते, हे आधीच विचारून घ्यावे. यजमान संकोचाने ‘काही नाही हो, तुम्ही या’ एवढेच म्हणतात. नेमके विचारले की नेमके उत्तर मिळते.

जेवणाबद्दलही आधी बोलून ठेवावे. प्रत्येक घर पाहुण्यांसाठी सणाचा स्वयंपाक करते: पहिल्या घरी श्रीखंड-पुरी, दुसऱ्या घरी छोले आणि गुलाबजाम, तिसऱ्या घरी पुन्हा पुरी. दिवसभर गाडीत बसून आलेल्या माणसाला तिसऱ्या घरापर्यंत पोटात गच्च वाटू लागते आणि नको म्हणणेही जड जाते. ‘पोहोचू त्या रात्री मुगाची खिचडी, कढी आणि पापड एवढेच करा’ असा निरोप आदल्या दिवशी पाठवला, तर दोन्ही बाजूंना हायसे वाटते. निघण्याआधी पांघरुणे काढून घडी घालणे, उशांचे अभ्रे कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी नेऊन ठेवणे आणि डिशवॉशर रिकामा करणे ही कामे यजमान सांगणार नाहीत. ती न सांगता करावीत.

हायवेचे क्रमांक आणि एक्झिट कसे ओळखावेत?

१९५६च्या कायद्याने सुरू झालेल्या इंटरस्टेट महामार्गांच्या जाळ्यात सम क्रमांकाचे मुख्य रस्ते पूर्व-पश्चिम जातात आणि विषम क्रमांकाचे उत्तर-दक्षिण. विषम क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, त्यामुळे आय-५ (आय म्हणजे इंटरस्टेट) प्रशांत महासागराच्या बाजूला आणि आय-९५ अटलांटिकच्या बाजूला आहे. सम क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात: आय-१० दक्षिणेत, आय-९० उत्तरेत. बॉस्टनहून सिएटलला जाणारा आय-९० हा त्यातला सर्वांत लांब, तीन हजार मैलांहून थोडा अधिक.

तीन अंकी क्रमांकाचा पहिला अंक सम असेल तर तो रस्ता बहुधा शहराला वळसा घालून पुन्हा मुख्य मार्गाला मिळतो. गर्दीच्या वेळी शहर टाळायचे असेल तेव्हा हे उपयोगी पडते. मैलांचे दगड राज्याच्या दक्षिण किंवा पश्चिम सीमेपासून मोजले जातात आणि बहुतेक राज्यांत एक्झिटचा क्रमांक त्याच मैलावरून ठरतो. म्हणजे मैल १२० वर असताना एक्झिट १५२ सुमारे ३२ मैलांवर आहे, हे फोन न पाहताही कळते. मागे बसलेल्या आजोबांना हा हिशेब करायला फार आवडतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

वाटेत घड्याळ बदलते का?

होय. ओहायो पूर्वेच्या वेळेवर आणि शिकागो मध्यभागाच्या वेळेवर चालते, म्हणजे पश्चिमेला जाताना एक तास मिळतो आणि परतताना जातो. इंडियानाचा बहुतेक भाग पूर्वेच्या वेळेवर असला तरी शिकागोलगतचा वायव्य कोपरा मध्यभागाच्या वेळेवर आहे. टेनेसी राज्यही असेच विभागलेले आहे. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे केले जात नाही, परंतु त्याच राज्यातल्या नॅव्हाहो नेशनच्या प्रदेशात केले जाते. यजमानांना पोहोचण्याची वेळ कळवताना ‘तुमच्या वेळेनुसार’ हे शब्द जरूर लिहावेत.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का?

अनेक राज्यांत अल्पकाळासाठी आलेल्या पाहुण्याला वैध भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, मात्र कालावधीचे आणि कागदपत्रांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. मार्गावरील प्रत्येक राज्याच्या वाहन विभागाचे संकेतस्थळ पाहणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातच, आपल्या आरटीओकडून काढून आणावा लागतो. तो एक वर्षापर्यंत चालतो आणि मूळ लायसन्स सोबत असल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आमचे मत विचाराल तर, साठी ओलांडलेल्या आणि आयुष्यभर डाव्या बाजूने गाडी चालवलेल्या पाहुण्यांनी ७० मैल वेगाच्या रस्त्यावर हौस भागवू नये.

स्वतःची गाडी, भाड्याची की मित्राची?

स्वतःची गाडी सुस्थितीत असेल तर तीच सर्वांत सोयीची. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, ऑइल आणि वायपर तपासून घ्यावेत, आणि डिकीच्या तळाशी खरोखरच जादा चाक आहे का हे झाकण उचलून पाहावे. अनेक नव्या गाड्यांत त्या जागी फक्त हवा भरण्याचा पंप आणि सीलंटची बाटली असते.

भाड्याची गाडी घेताना चार गोष्टी लेखी विचाराव्यात: दुसऱ्या चालकाचे नाव घालण्याचे शुल्क किती, चालक २५ वर्षांखालील असेल तर अधिभार किती, एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत केल्यास वेगळे शुल्क किती, आणि गाडी कोणत्या राज्यांत न्यायला मनाई आहे का. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली आणि अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. मित्राची गाडी मागून घेतली असेल, तर त्याने आपल्या विमा कंपनीला आधी विचारलेले बरे.

टोलची व्यवस्था काय करावी?

ईशान्येकडच्या अनेक टोलरस्त्यांवर रोख पैसे घेणारा माणूस आता दिसत नाही. पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक या टोलरस्त्यावर २०२० पासून रोख स्वीकारलीच जात नाही. काचेवर ईझीपास असेल तर टोल खात्यातून वळता होतो. नसेल तर नंबरप्लेटचे छायाचित्र निघून गाडीमालकाला पोस्टाने बिल जाते आणि ते बरेच महाग असते. ईझीपास न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना आणि इलिनॉय येथे चालतो, शिवाय पूर्व किनाऱ्यावर खाली फ्लोरिडापर्यंत उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियाची फासट्रॅक ही व्यवस्था वेगळी आहे. स्वतःचा ईझीपास भाड्याच्या गाडीत वापरायचा असल्यास त्या गाडीचा नंबर आपल्या खात्यात नोंदवावा आणि प्रवास संपताच काढून टाकावा.

प्रत्येक राज्यात वाहतुकीचे नियम खरोखरच वेगळे असतात का?

पायाभूत नियम सारखे आहेत, तपशील वेगळे आहेत आणि दंड तपशिलावरच होतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर शाळेची बस लाल दिवे लावून थांबली, की दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचे. कडेला पोलीस, रुग्णवाहिका किंवा टो ट्रक उभा असेल तर शक्य तेव्हा एक लेन सोडून जायचे किंवा वेग कमी करायचा. असा कायदा सर्व ५० राज्यांत आहे. लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असली, तरी न्यूयॉर्क शहरात तशी पाटी असल्याशिवाय ती नाही.

वेगाबाबत व्हर्जिनियाचा उल्लेख वेगळा करावा लागतो. तेथे ताशी ८५ मैलांहून अधिक किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त वेग हा ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ म्हणजे फौजदारी गुन्हा ठरू शकतो, केवळ दंडाची पावती नव्हे. व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीच्या नोंदीत असा गुन्हा लागणे किती त्रासदायक ठरेल, हे सांगायला नको. रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचे वेगमापक रडार ओळखणारे यंत्र, बाळगण्यासही तेथे बंदी आहे.

ओहायो आणि मिशिगनमध्ये २०२३ पासून चालवताना फोन हातात धरण्यास मनाई आहे, आणि असे कायदे असलेल्या राज्यांची संख्या वाढत आहे. फोन सर्वत्र स्टँडवरच ठेवावा. मद्याची फोडलेली बाटली गाडीच्या आसनांजवळ असणे बहुतेक राज्यांत गुन्हा आहे, मग ती मागच्या घरच्या पार्टीतली उरलेली का असेना. गांजा काही राज्यांत दुकानात मिळतो. तो राज्याची सीमा ओलांडून नेणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे आणि परदेशी नागरिकाच्या व्हिसावर त्याचे गंभीर परिणाम होतात.

पोलिसांनी थांबवले तर काय करावे?

उजव्या कडेला थांबावे, इंजिन बंद करावे, रात्र असेल तर आतला दिवा लावावा आणि हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. गाडीतून उतरू नये. भारतात उतरून साहेबांशी बोलण्याची पद्धत असल्याने आलेले वडील सवयीने दार उघडू पाहतात, म्हणून त्यांना हे निघण्याआधीच सांगून ठेवावे. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील, तर ‘काढतो’ असे सांगून मगच हात पुढे न्यावा.

कोणती कागदपत्रे सोबत हवीत?

लायसन्स, गाडीची नोंदणी आणि विम्याचा पुरावा हे उघडच आहे. त्याखेरीज अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असे संघराज्याचा कायदा सांगतो. पाहुण्यांसाठी पासपोर्ट आणि सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून छापून घेतलेली आय-९४ ही देशात प्रवेश केल्याची नोंद, तर कायम रहिवाशांसाठी ग्रीन कार्ड. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात मेक्सिकोची सीमा न ओलांडताही महामार्गावर सीमा गस्ती दलाची चौकी लागते, उदाहरणार्थ आय-१० वर सिएरा ब्लँकाजवळ.

नायगारा आणि डेट्रॉइट येथे चुकीची लेन घेतली तर गाडी थेट कॅनडाच्या पुलावर चढते आणि परत वळायला जागा नसते. सोबत एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर आलेले कोणी असेल, तर ‘ब्रिज टू कॅनडा’ अशी पाटी दिसताच उजव्या-डाव्या लेनकडे दुप्पट लक्ष द्यावे. नायगाराचा धबधबा अमेरिकेच्या बाजूनेही मनसोक्त पाहता येतो.

ज्येष्ठांना लांबचा प्रवास झेपेल का?

थांबे नीट घेतले तर झेपतो. चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्याने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालायला लावावे. सारखे स्वच्छतागृह शोधावे लागेल या संकोचाने आई पाणीच पीत नाही. तिला बाटली देऊन भागत नाही, पुढचा थांबा किती मैलांवर आहे हे सांगितले तरच ती पिते. औषधे मूळ डब्यांत, चिठ्ठीसह, डिकीत न ठेवता आसनाजवळ ठेवावीत. पाहुण्यांच्या आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांवर मर्यादा असतात, त्या वाचून घ्याव्यात.

मुलांच्या कार सीटचे काय?

सर्व राज्यांत सक्ती आहे, वय-वजन-उंचीच्या अटी वेगळ्या आहेत. मार्गातल्या सर्वांत कडक राज्याचा नियम पूर्ण प्रवासभर पाळावा; न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेन्सिल्व्हेनियात दोन वर्षांखालील मुलाची सीट मागे तोंड करूनच हवी. यजमानांच्या गाडीतून पाच मिनिटांवरच्या देवळात जायचे असले तरी मूल मांडीवर घेता येत नाही.

पेट्रोल आणि विश्रांतीचे थांबे कसे शोधावेत?

इंटरस्टेटवरच्या साध्या रेस्ट एरियात स्वच्छतागृह आणि खाऊ विकणारी यंत्रे असतात, उपाहारगृह किंवा पंप नसतो, कारण १९५६पासूनच तेथे व्यापाराला कायद्याने बंदी आहे. जेवणासाठी एक्झिट घ्यावा लागतो आणि त्याआधी निळ्या पाटीवर काय मिळेल ते लिहिलेले असते. पेन्सिल्व्हेनिया आणि ओहायोसारख्या टोलच्या टर्नपाइकवर मात्र पंपासह सर्व्हिस प्लाझा असतात. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला १९४९ पासून मनाई आहे; गाडीतच बसावे, कर्मचारी येतो. पश्चिमेकडे निम्मी टाकी झाली की भरावी, कारण युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर आणि सलाइना यांच्या दरम्यान शंभर मैलांहून अधिक अंतरात काहीही मिळत नाही.

कोणता काळ टाळावा?

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते. त्याच्या आदल्या बुधवारी आणि नंतरच्या रविवारी रस्ते तुडुंब असतात. हिवाळ्यात बफेलो आणि ईरी भागात सरोवरावरून येणारे हिम आय-९० बंद पाडू शकते, वायोमिंगमध्ये आय-८० वाऱ्या-बर्फामुळे अनेकदा बंद होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात. अनेक राज्यांत ५११ या क्रमांकावर रस्त्याची स्थिती कळते. सर्वांना वेगवेगळे भेटणे जमत नसेल, तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या संस्थेचे, अधिवेशन ज्या वर्षी असेल त्या वर्षी तेथेच एकत्र भेटण्याचा विचार करावा. निम्मे नातेवाईक तसेही तेथे येतात.

एका घरून दुसऱ्या घरी काय न्यावे आणि काय नेऊ नये?

चकल्या, भाजणी, मेतकूट आणि लोणची बिनदिक्कत न्यावीत, फक्त लोणच्याची बरणी दुहेरी पिशवीत उभी ठेवावी. कढीपत्त्याचे रोप मात्र नेऊ नये. फ्लोरिडात किंवा टेक्सासात कोणाच्या अंगणात कढीपत्ता फोफावलेला असतो, निघताना काकू ओल्या कागदात गुंडाळलेले वीतभर रोप प्रेमाने हातात ठेवतात, आणि ते उत्तरेकडच्या खिडकीत वाढवायचे असा बेत होतो. लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारा एक बारीक कीटक या झाडावर वाढत असल्याने ते क्वारंटाइन क्षेत्राबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. कॅलिफोर्नियात शिरताना कृषी तपासणी नाक्यावर फळे आणि रोपे याबद्दल विचारणाही होते. काकूंना आधीच नम्रपणे सांगावे आणि त्यांच्याकडून मसाल्याची पाककृती लिहून घ्यावी.

प्रवास संपल्यावर काही उरते का?

मित्राची गाडी वापरली असेल, तर टोलची बिले काही आठवड्यांनी त्याच्या पत्त्यावर येत राहतात आणि वेळेत न भरल्यास दंड त्याच्याच नावावर चढतो. मित्र संकोचाने बिलाबद्दल बोलत नाही. कोणत्या दिवशी कोणत्या टोलरस्त्यावरून गेलो याची यादी परतल्याबरोबर त्याला पाठवावी, अंदाजे रक्कम आगाऊ द्यावी आणि शेवटचे बिल आले की कळवायला सांगावे.